पोथी कुणाच्या हाती? केडगावच्या मुक्ती मिशनची वाटचाल

१६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, आमच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. मावळे शेतकरी आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेले सेनापती बापट यांच्या बातम्यांनी तेव्हाची वर्तमानपत्रं भरून जात होती. याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंडच्या लोहमार्गावरच्या केडगावात, साठी ओलांडलेली एक बाई बायबलच्या मराठी भाषांतराची प्रुफं तपासत बसली होती. पंधराएक वर्षं ती हे काम करत होती. मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठ समोर ठेवून तिनं अख्खं बायबल एकटीनं मराठीत आणलं होतं. खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला तिनंच शिकवलेल्या मुली होत्या. त्या मुलींपैकी कित्येकींना दुष्काळात मरणाच्या दारातून उचलून आणलेलं होतं.

पंडिता रमाबाई आणि त्यांचं मुक्ती मिशन यांची ही वाटचाल अनेकांनी सांगितली आहे. कुणी स्त्रीशिक्षणाच्या अंगानं, कुणी समाजसुधारणेच्या, कुणी धर्मांतराच्या. मला ती वेगळ्या अंगानं सांगायची आहे. पवित्र शास्त्र ईश्वरप्रेरित आहे म्हणजे नेमकं काय? त्यातला प्रत्येक शब्द देवाचा, की देवाचा आशय आणि शब्द माणसांचे? आणि त्याचा अर्थ ठरवायचा अधिकार कुणाचा, चर्चचा, विद्वानांचा, की वाचणाऱ्याच्या विवेकाचा? ख्रिस्ती जगात हा वाद शतकानुशतकं चालू आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तो परदेशी पुस्तकांतून आलेला वाटतो. माझं म्हणणं असं की मराठीत हा वाद सर्वांत खोलवर जगून दाखवला तो केडगावच्या या संस्थेनं, आणि तिची मुळं संस्थेच्या स्थापनेच्याही मागे जातात.

ती मुळं पुण्यातल्या एका वाड्यात आहेत. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत श्लोक म्हणते हे ऐकून हा विद्यार्थी थक्क झाला आणि पुढे त्यानं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवायला घेतलं. शास्त्रीमंडळींनी जाब विचारला. स्त्रीला संस्कृत शिकवणं शास्त्राविरुद्ध नाही, हे अनंतशास्त्रींनी उडुपीच्या पंडितांसमोर ग्रंथांचे आधार काढून सिद्ध केलं. तरी वेदांची वेस त्यांनीही ओलांडली नाही. लक्ष्मीबाईंना आणि मुलीला, रमेला, पुराणं, काव्य, व्याकरण मिळालं. वेद मिळाले नाहीत. २३ एप्रिल १८५८ला गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी पुढे गावोगाव पुराण सांगत हिंडली. भागवताचे १८,००० श्लोक तिला मुखोद्गत असल्याची ख्याती होती. आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. १८७८मध्ये भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हातात वेदाची प्रत ठेवली. बाईनं वेद वाचू नयेत असंच शिकत आलेल्या रमाबाईंनी आधी संकोच केला आणि मग वाचायला घेतला.

आपल्याकडे ‘शब्दप्रमाण’, म्हणजे शास्त्राचा शब्द हाच पुरावा, हा विचार ख्रिस्ती धर्म यायच्या कितीतरी आधीपासून मुरलेला आहे. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही, असं मीमांसक म्हणतात. नैयायिक त्यांचं कर्तेपण ईश्वराकडे देतात. अधिकाराचा प्रश्नही जुनाच आहे. वेद संपन्न खरा, पण तो फक्त तीन वर्णांच्याच कानी लागतो म्हणून कृपण, असं ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ईश्वरी वाणी म्हणजे काय आणि ती कुणाला ऐकू द्यायची, हे दोन्ही प्रश्न रमाबाई घरातूनच घेऊन निघाल्या होत्या. पुढे त्या इंग्लंडला पोचल्या तेव्हा मात्र तिथल्या लोकांनी त्यांच्याकडे नवशिकी म्हणून पाहिलं, आणि पुढचा सगळा संघर्ष त्यातून झाला.

१८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावींच्या मृत्यूनंतर तान्ह्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघाच्या सिस्टर पुण्यात काम करत होत्या. त्यांच्या मदतीनं १८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे जाण्याआधी ख्रिस्ती होणार नाही असं त्या सांगत होत्या. २९ सप्टेंबर १८८३ला वाँटेजला त्यांनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचाही वाटा होता. गोऱ्हे मूळचे काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, षड्दर्शनांचे जाणकार, आणि ख्रिस्ती झाल्यावर अँग्लिकन पंथातल्या त्या शाखेकडे वळलेले, जिथे शास्त्राचा अर्थ चर्चच्या परंपरेतूनच लागतो असं मानतात.

रमाबाईंना तेच मान्य होईना. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंना नातीनं लिहिलेली पत्रं वाचताना आजही अंग शहारतं. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसच्या नावानं चालणारा मतांगीकार, येशूचा कुमारीपोटी जन्म, यांतलं जे बायबलमध्ये आपल्याला दिसत नाही ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून का मानायचं, असं त्या सरळ विचारतात. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, आता धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द ईश्वराज्ञा मानून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असा १८८५मधल्या त्यांच्या पत्रांचा सूर आहे. मला विवेक आहे, बुद्धी आहे, माझा निर्णय मी करीन. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. रमाबाई जिथे शिकत आणि शिकवत होत्या त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना मात्र हे प्रामाणिक शोधाचं लक्षण वाटलं आणि त्यांनी रमाबाईंशी बरोबरीच्या नात्यानं पत्रव्यवहार चालू ठेवला. रमाबाईंनी इंग्रज तरुणांना शिकवावं का, या प्रश्नावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी नकार कळवला, तेव्हा त्यांचा राग अनावर झाला. अधिकाराचा प्रश्न पुन्हा तोच, फक्त भाषा बदललेली.

त्या वर्षांत खुद्द इंग्लंडमध्ये पायाखालची जमीन हलत होती, हे लक्षात घेतलं पाहिजे. १८६०मध्ये सात लेखकांच्या एका निबंधसंग्रहानं बायबल इतर प्राचीन ग्रंथांसारखं वाचावं असं मांडून खळबळ उडवली होती. दोन वर्षांनी आफ्रिकेतल्या नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी मोशेच्या पुस्तकांतल्या आकड्यांच्या विसंगती दाखवल्या. त्यांच्या भाषांतराला मदत करणाऱ्या एका झुलू माणसानं जलप्रलयाची गोष्ट खरी आहे का असं विचारलं, आणि बिशपांना मनापासून हो म्हणता येईना. तिथून त्यांचा शोध सुरू झाला. १८८१मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन परंपरेतल्या हॉज आणि वॉरफिल्ड यांनी उलट टोक घट्ट धरलं: मूळ हस्तलिखितांत बायबल शब्दशः निर्दोष आहे. आणि रमाबाई चेल्टनहॅमला असतानाच, १८८५मध्ये, इंग्रजी बायबलच्या सुधारित आवृत्तीचा जुना करार प्रसिद्ध झाला. म्हणजे कोणता पाठ मूळ, कोणता अर्थ योग्य, याची चर्चा त्या देशात घरोघर होती. रमाबाईंची बंडखोरी ही एका परदेशी बाईची तऱ्हेवाईक हट्टीपणाची गोष्ट नव्हती. त्या काळाच्या मध्यभागी उभ्या होत्या.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८७मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी संघ उभा राहिला. ११ मार्च १८८९ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं आणि पुढल्या वर्षी पुण्याला आलं. नंतर धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून आनंदीबाई झालेल्या गोदूबाई इथल्याच. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ ठेवायचं हे ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत मोठ्यानं शास्त्र वाचत, प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं तोफ डागली; १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली; कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. तीन वर्षांपूर्वीच पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यावरून पुण्यातल्या हिंदू पुढाऱ्यांच्या प्रायश्चित्ताचं रामायण घडलं होतं, तेव्हा हे अनपेक्षित नव्हतं. रानड्यांची अडचण मला समजते: दिलेला शब्द पाळला जातो आहे का, ही शंका त्यांना येणं साहजिक होतं. पण रमाबाईंनी स्वतःच्या घरात स्वतःचं शास्त्र दार लावून वाचावं, ही मागणी मला पटत नाही.

याच सुमारास त्यांच्यात आतून मोठा पालट झाला. १८९१च्या आसपास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना जाणवलं, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्ताला नाही. हे त्यांनी १९०७च्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. यानंतरच्या रमाबाई बायबलकडे पूर्ण भरवशानं पाहतात. वाँटेजला चिकित्सा करणारी बाई आता शब्दन्‌शब्द देवाचा मानते. अनेक अभ्यासकांना इथे तुटलेपण दिसतं: आधीची विवेकवादी रमाबाई आणि नंतरची श्रद्धाळू रमाबाई. मला तसं दिसत नाही. शास्त्र आणि वाचक यांच्या मध्ये कुणी बसायचं नाही, हा त्यांचा आग्रह १८८५मध्ये होता आणि १९२१मध्येही होता. शब्द जर देवाचाच असेल तर मग तो कुणाच्या परवानगीशिवाय, थेट, मूळ भाषेतून वाचायचा. आणि दुष्काळातून आलेल्या मुलीलाही वाचता येईल असा करायचा. चर्चच्या अधिकाराला नकार आणि शब्दावर अढळ विश्वास, हे दोन्ही एकाच मुळातून फुटलेले फाटे आहेत.

आणि तो दुष्काळ. आमच्याकडे सह्याद्रीच्या धारेवर पाऊस कोसळतो, जिल्ह्याच्या पूर्वेला दौंड पर्जन्यछायेत कोरडं राहतं. मुळा मुळशीतून निघते, पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा होऊन दौंडच्या बाजूला भीमेत शिरते. पण त्या पाण्यानं केडगावची माती तेव्हा भिजत नव्हती. रमाबाईंनी तिथे शंभरेक एकर जमीन घेतली ती बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः लहानपणी उपाशी हिंडलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आणि सरकारी निर्बंध, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर तंबूत ठेवलं. विहिरी खणल्या, इमारती उठल्या, १८९८मध्ये ‘मुक्ती’ रीतसर सुरू झाली. पुढे छपन्याच्या (विक्रम संवत १९५६च्या) दुष्काळात गुजरात-काठेवाडकडून हजाराच्या वर मुली आल्या आणि वसाहतीची संख्या २,०००च्या घरात गेली. कृपा सदन, प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन अशी सदनं निघाली. बार्तिमी सदनात मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून शिकवलं. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा आणि छापखाना. यांतल्या छापखान्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

त्याआधी १९०५. जानेवारीपासून काही मुली रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या, सत्तरएक होत्या त्या काही महिन्यांत शेकड्यांनी झाल्या, आणि जूनच्या अखेरीस मुक्तीत ते पुनरुज्जीवन सुरू झालं ज्याची नोंद आज जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासात होते. मुली रडत, मोठ्यानं एकदम प्रार्थना करत, काही अन्य भाषांत बोलत. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्रम्स यांनी १९०६मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते अमेरिकेपासून चिलीपर्यंत पोचलं. अनेक मिशनऱ्यांना मात्र हा गोंधळ वाटला. इथे प्रेरणेचा वाद नव्या रूपात उभा राहिला: आत्मा लिहून ठेवलेल्या शब्दातच बोलतो, की आज, या पोरीच्या तोंडूनही बोलू शकतो? रमाबाई स्वतः अन्य भाषांत बोलल्याचं सांगत नाहीत, आणि हा अनुभव आला नाही तो अपुरा ख्रिस्ती असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. पण त्यांनी मुलींना गप्प केलं नाही. भारतीय माणसानं पाश्चात्त्य शिस्तीतच प्रार्थना करावी हा आग्रह त्यांनी धुडकावला. त्याच वेळी त्या मुलींना रोज शास्त्राच्या वर्गात बसवून वचनाशी बांधूनही ठेवलं. मुक्तीचं मोठेपण मला या दुहेरी कृतीत दिसतं.

आणि भाषांतराचं काम याच सुमारास सुरू झालं. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. सतराव्या शतकारंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं. पण ते शास्त्राचं भाषांतर नव्हे, पुराणकथन. विल्यम केरी यांच्या श्रीरामपुराहून १८११मध्ये मोडी लिपीत नवा करार निघाला. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६चा. पुढे बायबल सोसायटीच्या समित्यांनी तो वेळोवेळी सुधारला आणि तोच मंडळ्यांमध्ये वाचला जात असे. रमाबाईंचं म्हणणं होतं की ही मराठी संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ती कळत नाही. शिवाय तत्त्वज्ञानातून आणि पुराणांतून आलेले शब्द आपला जुना अर्थ बरोबर घेऊन येतात आणि वाचणारीला भलतीकडेच नेतात. हे त्या बोलू शकत होत्या, कारण ते अर्थ त्यांना आतून ठाऊक होते. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि मुळाला शब्दागणिक चिकटून, साध्या बोलीत भाषांतर करायचं ठरवलं.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका मराठी माणसाशी त्यांची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी संतांच्या भाषेतच ख्रिस्त गायला, ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं आणि ते अपुरं राहिल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पुढे नेलं. टिळकांना जुने शब्द हवे होते, त्यांतल्या सुगंधासकट. रमाबाईंना ते धुऊन, रिकामे करून हवे होते. कवी म्हणून टिळक जिंकले, यात शंका नाही. आजही मंडळ्यांत त्यांचीच गीतं म्हटली जातात. पण टिळकांच्या वाटेत स्त्रीला वेदाबाहेर ठेवणाऱ्या परंपरेचा तो डंख नव्हता, जो रमाबाईंना आयुष्यभर सलत राहिला.

बायबल भाषांतरित करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून रमाबाईंचा उल्लेख अनेकदा होतो, तो बरोबर नाही. अमेरिकेत कनेटिकटच्या ज्युलिया स्मिथ यांनी १८७६मध्ये संपूर्ण बायबलचं आपलं भाषांतर स्वखर्चानं छापलं होतं. त्यांनीही ते एकटीनं केलं, आणि तेही शब्दशः होतं. मताधिकार नाही तर कर देणार नाही म्हणून या बाईंच्या आणि त्यांच्या बहिणीच्या गाई जप्त झाल्या होत्या. दोघींनाही पुरुषांच्या समितीनं दिलेला अर्थ नको होता आणि म्हणून दोघी मुळाच्या शब्दाला घट्ट धरून राहिल्या. पहिलेपणापेक्षा हे साम्य मला फार मोलाचं वाटतं.

आता छापखाना. हिब्रूतून मराठी करणं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे ते खिळ्याखिळ्यानं उभं करणं. देवनागरीच्या जुळणीत काने, मात्रा, रफार, जोडाक्षरं यांचे शेकडो वेगवेगळे खिळे असतात आणि बायबल हे प्रचंड पुस्तक. काही वर्षांपूर्वी ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या मुली हे करत होत्या. २४ जुलै १९२१ला मनोरमाबाई गेल्या. संस्था ज्यांच्या हाती द्यायची होती त्याच गेल्या. रमाबाईंनी प्रुफं खाली ठेवली नाहीत. काम संपेपर्यंत आयुष्य मिळावं अशी त्यांची प्रार्थना होती असं मुक्तीत सांगतात. शेवटचा मजकूर तपासून झाला आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. पूर्ण बायबल १९२४मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.

मंडळ्यांनी ते स्वीकारलं नाही. उपासनेत सोसायटीचंच शास्त्र वाचलं जात राहिलं. कारण उघड आहे. शब्दाला शब्द ठेवण्याच्या निष्ठेनं वाक्यं ताठर झाली. खेड्यातल्या बाईसाठी सोपं करायचं आणि मुळाचा एक शब्दही हलवायचा नाही, या दोन गोष्टी एकमेकींना ओढत होत्या. प्रत्येक शब्द प्रेरित मानणाऱ्या कुठल्याही भाषांतरकाराला हा ताण चुकत नाही. रमाबाईंनी तो लपवला नाही. त्यांच्या पानापानावर तो दिसतो, आणि प्रेरणेच्या सिद्धांतावर लिहिलेल्या कितीतरी जाडजूड ग्रंथांपेक्षा ती पानं मला जास्त शिकवतात.

रमाबाईंनंतर मुक्ती मिशन चालू राहिलं आणि आजही केडगावात आहे. निराधार मुली, शाळा, अंध स्त्रिया, सगळं. पुणे शहर मात्र या शंभर वर्षांत शास्त्राच्या अभ्यासाचं मोठं केंद्र झालं. १९५५मध्ये कँडीहून पेपल सेमिनरी इथे आलं. दहा वर्षांनी व्हॅटिकन परिषदेनं दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज काढला; त्यात पवित्र लेखक हे देवाच्या हातातलं निर्जीव साधन नसून आपापल्या शक्ती वापरणारे खरे लेखक आहेत असं मान्य झालं आणि शास्त्र सर्वांना सहज उपलब्ध व्हावं असा आग्रह धरला गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ त्याच मोकळ्या हवेतलं. प्रोटेस्टंट बाजूला यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३मध्ये बिबवेवाडीला आलं. त्याआधी पाच वर्षं शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्राच्या निर्दोषतेचं लांबलचक निवेदन काढलं होतं, आणि आमच्या पाळकांच्या बोलण्यात आज त्याचाच शब्दसंग्रह ऐकू येतो. या सगळ्यात केडगावचं नाव अनाथाश्रम म्हणून येतं, फार तर पुनरुज्जीवनाचं ठिकाण म्हणून. शास्त्राचा अर्थ लावण्याच्या इतिहासातली एक संस्था म्हणून ते येत नाही.

यायला हवं. आजीबाईंशी झालेला तो पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७मध्ये प्रसिद्ध केला. तो इंग्रजीत आहे, मंडळीतल्या सामान्य वाचकापासून दूर. बायबल प्रशिक्षणाच्या वर्गांत परदेशी विद्वानांच्या प्रेरणाविषयक व्याख्या पाठ करून घेतात, त्यांच्या शेजारी ही पत्रं आणि १९२४ची केडगावची प्रत ठेवायला हवी. आधी १८८५ची पत्रं वाचायची, मग स्तोत्रसंहितेचं किंवा रोमकरांस पत्राचं एखादं पान सोसायटीच्या भाषांतराशी ओळ लावून पडताळायचं. मराठी विद्यार्थ्याला हा वाद स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या जिल्ह्यात भेटेल. आणि हे काम मुलींच्या वर्गापासून सुरू व्हावं, अशी माझी इच्छा आहे.